प्रवाळावरचे पांढरे पट्टे आणि बुडाशी बसलेल्या गोगलगायी

फांद्यांच्या प्रवाळावर दिसलेले पांढरे पट्टे म्हणजे ब्लीचिंग (पाणी तापल्यानं प्रवाळाचा रंग उडणं) का, आणि बुडाशी दिसलेल्या गोगलगायी उचलून टाकाव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

आधी पट्टा जवळून बघा. ब्लीचिंगमध्ये प्रवाळ पांढरं पडलं तरी काही काळ जिवंत असतं, पारदर्शक पॉलिप (प्रवाळाचे इवलेसे जीव) दिसतात. गोगलगायीनं खाल्लेल्या जागी मात्र नुसता उघडा सांगाडा उरतो. पट्ट्याची एक कड लख्ख पांढरी आणि मागची बाजू हिरवट असेल तर खाणं पुढे सरकतंय आणि मागून शेवाळ चढतंय. मग फांद्यांच्या बेचक्यांत टॉर्च मारा. बोटाच्या पेराएवढे, गुलाबी शेवाळानं माखलेले शंख घोळक्यानं चिकटलेले असतील तर ती बहुधा ड्रुपेला, म्हणजे प्रवाळ खाणारी गोगलगाय. दिवसा दडून बसते, रात्री दातेरी जिभेनं मांस खरवडते. (तिचीच नातलग कोरॅलिओफिला. तिला ही जीभच नाही, ती सोंडेनं रस ओढते आणि महिनोन् महिने जागची हलत नाही.)

थोड्या ड्रुपेला निरोगी प्रवाळभित्तीवर असायच्याच. गणित बिघडतं ते संख्या वाढली किंवा प्रवाळ घटलं की. ऑस्ट्रेलियातल्या निंगालू भित्तीवर 1980च्या दशकात त्यांचा उद्रेक झाला आणि मोठ्या पट्ट्यातलं जिवंत प्रवाळ साफ झालं. थायलंडच्या को ताओ बेटाजवळ 2010च्या ब्लीचिंगमध्ये त्यांचं आवडतं अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचं प्रवाळ) मेलं, तेव्हा ड्रुपेला मशरूम प्रवाळावर तुटून पडल्या. म्हणजे उष्णतेच्या लाटेतून जे वाचतं, तेच यांच्या तोंडी जातं. माझ्या मते खरं नुकसान इथं आहे. वर ड्रुपेला ‘तपकिरी पट्टा’ हा प्रवाळाचा रोगही एका प्रवाळावरून दुसऱ्यावर नेतात.

उचलायचं म्हणाल तर आपल्या मनानं अजिबात नको. जखमी प्रवाळाच्या वासानं ड्रुपेला गोळा होतात. चार शंख काढताना दोन फांद्या मोडल्या तर उरलेल्यांना आवतणच. पोहताना पायात घातलेल्या फिनचा धक्काही तितकाच वाईट. शिवाय शेजारचा निरुपद्रवी शंख ओळखता यायला सराव लागतो, आणि संरक्षित क्षेत्रात परवानगीही. रोपण केलेल्या छोट्या प्रवाळांवरून लांब चिमट्यानं त्या वेचतात, तिथं ते परवडतं. अख्ख्या भित्तीवर नाही.

तुम्ही एवढं करा: प्रवाळाच्या एका वसाहतीवर (एका झुडपावर) किती शंख आहेत ते मोजा, शेजारी मोजपट्टी धरून पट्ट्याचा फोटो काढा, खोली आणि जागा लिहा आणि तिथल्या सागरी उद्यानाच्या लोकांना पाठवा. पुढच्या वेळी त्याच वसाहतीचा फोटो त्याच कोनातून घ्या.