मेलेल्या अळीची साक्ष धरू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

शिरोळकडच्या उसातून आणलेल्या हुमणीच्या, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या किडीच्या, अळ्या टबात मरू लागल्या. मेलेल्या अळ्या वाटून तू जीवाणू वाढवायच्या न्यूट्रिएंट आगरच्या प्लेटवर पसरल्यास, जीवाणूंच्या लालभडक वसाहती उगवल्या, तपासणीत नाव आलं सेराशिया मार्सेसेन्स. तोच जीवाणू गाजराच्या फोडीला लावून चांगल्या अळ्यांना खाऊ घातला तर एकही मेली नाही. सुईने टोचला तर सगळ्या मेल्या. वर निरोगी अळीच्या आतड्यातही तोच निघाला. आता तू विचारतेस, हा रोगजंतू म्हणायचा की नाही?

तू प्रश्न उलट्या टोकाने धरला आहेस. अळी मेली की आतड्याचं अस्तर विरघळायला लागतं, आतले जीवाणू अंगभर पसरतात आणि ज्याची वाढ सर्वांत वेगवान तोच तुझ्या प्लेटवर दिसतो. पंचगंगेला पूर आला की घराघरांत साप निघतात, म्हणून पूर सापांनी आणला असं आपण म्हणत नाही. मेलेल्या अळीची साक्ष धरू नकोस. जिवंत अळीपासून सुरुवात कर.

खाऊ घातल्यावर मेली नाही आणि टोचल्यावर मेली, यात विरोध कुठे आहे? आतडं ही अळीची तटबंदी आहे. हुमणीच्या मध्य आतड्यात अतिशय अल्कधर्मी रस असतो. अन्नाभोवती कायटिनचं, म्हणजे कीटकाच्या कवचात असतं त्याच द्रव्याचं, पातळ वेष्टन असतं, त्यापलीकडे पेशींचा थर. जीवाणू फार जवळ आला तर या पेशी प्रखर ऑक्सिजन रेणू आणि जीवाणूनाशक पेप्टाइडं, म्हणजे छोटी प्रथिनं, सोडतात. तुझी सुई हे सगळं ओलांडून थेट रक्तात गेली. तिथे रक्तपेशी गिळायला, गाठी करून कोंडायला, मेलॅनिनने काळं करायला धावतात. अळीच्या अंगातला चरबीचा मेदपिंड पेप्टाइडं ओततो. पण एका फटक्यात लाखो पेशी आल्या तर या सगळ्याला वेळच मिळत नाही. तेव्हा टोचण्यातून एवढंच कळलं, की रक्तात पोचला तर हा मारू शकतो. तो रक्तात पोचला कसा, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मेलेली अळी देत नाही.

टबात किती अळ्या होत्या ते तू लिहिलंच नाहीस! हुमणीच्या अळ्या दाटीत एकमेकींना चावतात. चाव्याची जखम म्हणजे उघडा दरवाजा. खणताना लागलेलं खुरपं, उन्हातून मोटारसायकलवर आणलेला बंद डबा, पाणी जास्त झालेली माती, प्रत्येक गोष्ट अळीची ताकद खाते. आतड्यात निमूट राहणारा जीवाणू अशा वेळी आत शिरतो.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण डासांतलं आहे. ब्यूव्हेरिया ही बुरशी कातडीतून शिरते, आतड्याशी तिचा संबंध नाही असंच वाटेल. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की आतड्यात जीवाणू असलेले ॲनोफिलिस डास या बुरशीने लवकर मरतात आणि जीवाणू काढून टाकलेले उशिरा. बुरशी ऊस्पोरीन नावाचं द्रव्य सोडून आतड्याची प्रतिकारशक्ती दाबते, आणि आतड्यातला सेराशिया मार्सेसेन्स, हो, तुझाच, रक्तात उतरतो. तो मेलेला डास वाटून प्लेटवर पसरला असता तर तू बुरशीचं नावही घेतलं नसतंस. आपल्याकडे शेतकरी हुमणीसाठी शेणखतात मेटारायझियम ही अशीच कीटक मारणारी बुरशी मिसळून टाकतात. तुझ्या अळ्या ज्या शेतातल्या, तिथे ते टाकलं होतं का, हे विचारलंस?

आता दुसरी बाजू, म्हणजे तू एकदम 'सेराशिया निर्दोष' असंही लिहून टाकणार नाहीस. न्यूझीलंडमध्ये कुरणातल्या हुमणीला सेराशिया एन्टोमोफिला ही सेराशियाचीच दुसरी जात आतड्यातूनच मारते. अळी दोन-तीन दिवसांत खाणं सोडते, आतडं रिकामं होतं, अंग मधाच्या रंगाचं पारदर्शक दिसू लागतं, आणि तरी ती कित्येक आठवडे जिवंत राहते. जीवाणू बहुतेक काळ आतड्यातच असतो, रक्तात अगदी शेवटी येतो. हा गुण एका प्लास्मिडवर, म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, आहे. प्लास्मिड नसलेला त्याच जातीचा जीवाणू अळीला काही करत नाही. म्हणून जातीचं नाव कळलं म्हणजे गुन्हेगार कळला असं नाही. आणि हा रोग ओळखला जातो तो जिवंत अळीच्या रंगावरून.

तेव्हा हे कर. अळ्या नव्याने आण, त्याच शेतातून, एकाच अवस्थेतल्या. कुदळीच्या घावाजवळची अळी घेऊच नकोस. प्रत्येकीला वेगळा कप, त्याच शेतातली माती, ओल इतकीच की मुठीत गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. खायला गाजराची फोड, बुरशी यायच्या आत बदलायची. पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत, अंधारात. पहिले दोन आठवडे काहीच करू नकोस, फक्त रोज बघ आणि लिही: खाल्लं का, विष्ठा टाकली का, उलटी केली तर सरळ होते का. या काळात मेलेल्या अळ्या प्रयोगातून बाद. तुझी घाई मला ठाऊक आहे, प्रबंधाची तारीख जवळ आहे हेही. तरी हे दोन आठवडे सोडू नकोस.

नंतर एखादी अळी सुस्त झाली की ती मरायच्या आधी तिला घे. बर्फावर ठेवून बधिर कर, सत्तर टक्के अल्कोहोलने एक मिनिट पुसून घे, निर्जंतुक पाण्याने तीनदा धू. शेवटच्या धुण्याचं पाणीही प्लेटवर पसर. त्यात वसाहती आल्या तर तुझं पुढचं सगळं वाया. मग दोन वळ्यांमधल्या मऊ कातडीला बारीक सुईने टोच आणि आलेला थेंब लगेच उचल. सुई खोल गेली तर आतडं फुटतं आणि रक्तात नसलेले जीवाणू रक्तात 'सापडतात'. थेंब गढूळ किंवा करडा दिसला तर सावध हो; पण आतडं फुटून आलेला खोटा थेंब बहुतेकदा विष्ठेच्या मातकट रंगाचा असतो, तो टाकून दे. निरोगी अळीचा थेंब पसरलास तर प्लेट जवळजवळ कोरी राहायला हवी. रक्ताचा हिशेब वेगळा आणि आतड्याचा वेगळा ठेव, आणि मागच्या आतड्याचा फुगलेला भाग पुन्हा निराळा. तिथले बरेच जीवाणू हवेत वाढतच नाहीत, उघड्या प्लेटवर ते दिसणार नाहीत हे ध्यानात असू दे. प्लेट अठ्ठावीस अंशांना ठेव. सदतीसला सेराशियाचा लाल रंग जातो.

लाल रंगावरून आठवलं. अख्खी अळी विटकरी लाल झाली, आतून चिकट आणि दुर्गंध नाही, तर सूत्रकृमींबरोबर येणारा फोटोऱ्हॅब्डस हा जीवाणू असू शकतो. काळोख्या खोलीत दहा मिनिटं डोळे सरावू दे. अंधूक उजेड दिसला तर शंका पक्की. सेराशियाची लाल अळी मऊ पडते आणि घाण मारते.

टोचण्याचा प्रयोग करशील तेव्हा डोस शंभर, दहा हजार, दहा लाख पेशी; दहा मायक्रोलीटरपेक्षा जास्त टोचू नकोस. सोबत फक्त सुई, फक्त सलाईन आणि उकळून मारलेला जीवाणू, असे तीन गट. प्रत्येक गटात तीस अळ्या, आणि सगळा प्रयोग वेगळ्या खेपेच्या अळ्यांवर तीनदा. सलाईनच्या गटातली मर ॲबटच्या १९२५ च्या सूत्राने वजा कर: प्रयोगात साठ टक्के, सलाईनमध्ये पंधरा, तर पंचेचाळीसला पंच्याऐंशीने भागून सुमारे त्रेपन्न टक्के. सलाईनमध्येच वीस टक्क्यांहून जास्त मेल्या तर तो प्रयोग फेकून दे.

प्रतिजैविक देऊन आतडं 'साफ' करायचा बेत तू शेवटी लिहिला आहेस. त्यात मोठी खोट आहे. २००६ साली विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळ्यांना प्रतिजैविक दिलं तेव्हा बीटीची, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या कीटक मारणाऱ्या जीवाणूची, मारकशक्ती गेली, आणि एन्टेरोबॅक्टर हा आतड्यातला जीवाणू परत दिल्यावर ती आली. तीन वर्षांनी दुसऱ्यांनी दाखवलं, की आतड्यात उरलेलं प्रतिजैविक बीटीच्याच जिवंत पेशी मारू शकतं आणि काही अळ्या आतड्यातल्या जीवाणूंशिवायही बीटीने मरतात. वाद अळीची जात आणि प्रयोगाची रीत यांवर येऊन थांबतो. म्हणून प्रतिजैविक बंद केल्यावर काही दिवस साध्या खाण्यावर ठेव, मग आतड्याचा रस तुझ्याच जीवाणूच्या प्लेटवर टाकून बघ. वसाहतींमध्ये मोकळं वर्तुळ उमटलं तर प्रतिजैविक अजून आत आहे.

मला लोक हेकट म्हणतात, 'रोगट अळी दिसली की जंतू शोधायचा सोडून हा निरोगी अळ्यांचे कप मोजायला लावतो' म्हणतात. म्हणू देत. हुमणीवर आपल्या भागात इतका पैसा आणि इतके कष्ट जातात, आणि निरोगी हुमणीच्या आतड्यात काय असतं याची धड नोंद बहुतेक प्रयोगवहीत सापडत नाही, याची मला फार खंत वाटते. निरोगी म्हणजे काय हे माहीत नसताना रोग कशाच्या जोरावर ठरवणार? त्या लाल वसाहतीच्या भरवशावर शेतकऱ्याच्या हातात जीवाणूची बाटली देशील, तो ती मातीत ओतेल, अळ्या खातील आणि काहीच होणार नाही. शिवाय सेराशिया मार्सेसेन्स अशक्त माणसालाही त्रास देतो. तो शेतात पसरवायचा विचार सोड, आणि प्रयोगशाळेतही हातमोजे घालूनच हाताळ.

प्रबंधातला 'रोगकारक जीवाणूचा शोध' हा मथळा काढ. 'टबातल्या मृत अळ्यांत आढळलेले जीवाणू' लिही. एवढंच खरं आहे, आणि एवढ्यावर मार्गदर्शक रागावले तर त्यांना माझं पत्र दाखव. थंडी सुरू झाली की अळ्या खोल जातात, त्याआधी खणून घे. कप, माती आणि सुया जमल्या की कळव. रक्ताचा थेंब आतडं न फोडता कसा काढायचा ते समोर बसून दाखवावं लागतं, त्यासाठी मी येईन.

तुझा,
सर