४६ जीबीची झिप विंडोजवर ४२.८ जीबी दिसते आणि उघडतही नाही. फाइल खराब झाली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो आणि व्हिडिओ पनवेलच्या फोटोग्राफरने एकाच झिपमध्ये भरून लिंक पाठवली. त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या मॅकवर, फाइल ४६ जीबीची आहे. ऐरोलीला घरच्या वायफायवर तुम्ही ती रात्रभर लावून उतरवली, पण लॅपटॉपवर ४२.८ जीबीच दिसते. डबल-क्लिक केलं की विंडोज ‘फोल्डर इनव्हॅलिड’ म्हणतं. लिंक चार दिवसांत बंद होणार आहे, आणि नेटवर सापडलेलं एक रिपेअर सॉफ्टवेअर पैसे मागतंय. ते भरावेत का?

भरू नका. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तर फाइल धडधाकट असण्याचीच शक्यता जास्त वाटते.

मी ठाण्यात नौपाड्याला लग्नाचे अल्बम छापणाऱ्या ठिकाणी डेटा सांभाळते. फोटोग्राफर मंडळी रोज अशाच अवाढव्य झिपा पाठवतात, आणि त्यातल्या बऱ्याच पहिल्या फटक्यात उघडत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी फोटोग्राफरला फोन करा. झिपचा विषय नंतर काढा, पहिल्यांदा एवढंच सांगा की डेटा आमच्याकडे नीट पोचेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका आणि हार्ड डिस्कवरचं काही पुसू नका. लग्नसराईत त्यांना रोज कार्डं रिकामी लागतात. ‘लिंक पाठवली’ म्हणजे ‘काम झालं’ असं धरून जुना डेटा उडवला जातो. मूळ फोटो त्यांच्याकडे शाबूत आहेत तोवर खालची प्रत्येक अडचण सुटण्यासारखी आहे. ते गेले की मग मात्र हातात असलेल्या फाइलवरच सगळी भिस्त.

आता ४६ आणि ४२.८ चं कोडं. मॅक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट्स धरतो. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याच्या लेखी एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट्स. ४६ अब्जांना या आकड्याने भागून बघा, ४२.८ येतं. म्हणजे तुमची फाइल अर्धवट उतरली असं यावरून अजिबात ठरत नाही. तुलना जीबीत करायचीच नाही, बाइट्समध्ये करायची. फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘साइझ’पुढे कंसात जो अकरा अंकी आकडा दिसतो तो लिहून घ्या. फोटोग्राफरला मॅकवर ‘गेट इन्फो’मधला आकडा वाचून दाखवायला सांगा. शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. खाली ‘साइझ ऑन डिस्क’ म्हणून दुसरा आकडा असतो, तो घेऊ नका, तो वेगळाच असतो.

आकडा जुळला तर माझा संशय थेट मॅकवर जातो. झिप हा प्रकार फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणला. तेव्हाच्या रचनेत फाइलची लांबी लिहायला जेवढी जागा ठेवली होती, तिच्यात ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सपर्यंतचाच आकडा मावतो, म्हणजे ढोबळमानाने ४ जीबी. आतल्या फाइलींची संख्याही ६५,५३५ च्या पुढे जात नाही. २००१ मध्ये ‘झिप६४’ नावाची वाढीव रचना आली आणि ही अडचण मिटली. पण मॅकमध्ये फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘कॉम्प्रेस’ म्हटलं की तयार होणारी मोठी झिप ही वाढीव रचना नीट पाळत नसल्याचं जुनं दुखणं आहे. तिच्यात लिहिलेले आकडे ४ जीबीला पोचले की पुन्हा शून्यापासून मोजल्यासारखे येतात. मॅकला स्वतःची झिप कळते. विंडोज मात्र ते आकडे खरे मानून चालतं आणि फाइल इनव्हॅलिड ठरवून मोकळं होतं. डेटा आत जसाच्या तसा असतो.

म्हणून डबल-क्लिकचा नाद सोडा आणि सेव्हन-झिप टाकून घ्या. इगोर पावलोव यांचं हे सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, फुकट आहे. मात्र त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या आणि नवी आवृत्ती घ्या. फाइलवर राइट-क्लिक करून सेव्हन-झिपच्या मेन्यूतलं ‘टेस्ट आर्काइव्ह’ चालवा. हे काहीही बाहेर काढत नाही, फक्त आतली प्रत्येक फाइल वाचून तिच्यासोबत लिहिलेल्या सीआरसी या तपासणी-आकड्याशी ताडून बघतं. ४६ जीबीला वेळ लागेल, लागू द्या. उघडली तर उत्तमच, मग एखाददुसरा इशारा दिला तरी घाबरू नका. नाहीच उघडली, तर ओळखीत कोणाकडे मॅक असेल तिथे उघडून बघा. तिथे सुरळीत उघडली की फाइल चांगली आहे, फक्त विंडोजला चालत नाही, हे पक्कं झालं. मग फोटोग्राफरला तीच सामग्री वेगळ्या पद्धतीने पाठवायला सांगायची. कशी, ते पुढे लिहिते.

बाइट्सचा आकडा कमी भरला तर गोष्ट सरळ आहे: डाउनलोड मध्येच तुटलं. रात्रभर लावलेल्या डाउनलोडमध्ये लॅपटॉप झोपी जातो, पाच मिनिटं लाइट जाऊन राउटर बंद पडतो, आणि ब्राउजर कधीकधी उरलेलं न आणताच ‘पूर्ण’ म्हणून मोकळा होतो. अशा फाइलवर सेव्हन-झिप बहुधा ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा’ म्हणतं. झिपमधल्या सगळ्या फाइलींची यादी अगदी शेवटी असते, जणू पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर. त्यामुळे ४६ पैकी शेवटचा एक एमबी आला नाही तरी साधं सॉफ्टवेअर संपूर्ण फाइल नाकारतं. लोकांना वाटतं सगळंच गेलं. तसं नसतं.

झिपमध्ये प्रत्येक फोटो स्वतंत्रपणे दाबलेला असतो आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला त्याची छोटी नोंद असते. त्यामुळे शेवट तुटलेल्या झिपमधूनही तिथपर्यंतचे फोटो बाहेर येतात. सेव्हन-झिप, किंवा विनरार या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं ‘रिपेअर आर्काइव्ह’, नेमकं हेच करतं: पुढून नोंदी शोधत जाऊन नवी यादी बांधतं. पैसे मागणारी बहुतेक सॉफ्टवेअरंही याहून वेगळं काही करत नाहीत. जे बाइट्स तुमच्या लॅपटॉपपर्यंत आलेच नाहीत, ते कुठलंच सॉफ्टवेअर निर्माण करू शकत नाही. तुटलेल्या झिपमध्ये जातं ते शेवटचं. फोल्डर नावाच्या क्रमाने भरले असतील तर ‘मेंदी’ येईल आणि ‘रिसेप्शन’ राहील. आणि ज्या व्हिडिओवर काप पडला असेल तो बहुधा अर्धासुद्धा चालणार नाही, कारण एमपी-फोर फाइलींतही स्वतःची सूची बऱ्याचदा शेवटीच असते. असा प्रयोग नेहमी फाइलच्या कॉपीवर करा, मूळ डाउनलोडला हात लावू नका.

एक प्रकार फसवा आहे. बाइट्स तंतोतंत जुळतात, तरी टेस्टमध्ये चुकाच चुका. डाउनलोड मॅनेजर वापरला असेल तर तो आधी पूर्ण ४६ जीबीची जागा डिस्कवर अडवून ठेवतो आणि मग भरत जातो. मध्येच थांबला की आकार पूर्ण आणि पोट रिकामं. हे डोळ्यांनी बघता येतं. एचएक्सडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कितीही मोठी फाइल चटकन उघडते (नोटपॅडमध्ये चुकूनही उघडायला जाऊ नका, लॅपटॉप अडकून बसेल). अगदी सुरुवातीला उजवीकडच्या रकान्यात ‘पी’ आणि ‘के’ ही दोन रोमन अक्षरं दिसली पाहिजेत. ती फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं, प्रत्येक झिपच्या कपाळावर असतात. मग सरळ तळाला जा. तिथेही शेवटच्या काही ओळींत तेच ‘पीके’ आणि तुमच्या फोल्डरांची, फोटोंची नावं दिसायला हवीत. त्याऐवजी पानंच्या पानं नुसती शून्यं दिसली तर फाइल भरलेलीच नाही, पुन्हा उतरवायला हवी.

शून्यं नाहीत, आकार जुळतो, तरी ‘सीआरसी फेल्ड’ येतं, तेव्हा एक तपासणी अवश्य करा. सेव्हन-झिपच्या राइट-क्लिक मेन्यूत ‘सीआरसी एसएचए’ आहे, त्यातलं ‘एसएचए-२५६’ निवडा. फाइलच्या बोटांच्या ठशासारखा एक लांबलचक आकडा मिळेल. तो जपून ठेवा, लॅपटॉप रीस्टार्ट करून पुन्हा काढा. एकाच फाइलचे दोन वेळा दोन वेगळे आकडे आले तर दोष फाइलचा नाही. तुमची रॅम, डिस्क किंवा बाहेरच्या डिस्कची केबल गडबड करतेय. केबल आणि पोर्ट बदला, विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक चालवा. हे न बघता लोक तीच फाइल पुन्हापुन्हा उतरवत बसतात आणि दर वेळी वेगळाच फोटो खराब निघतो. दोन्ही आकडे सारखे आले, पण फोटोग्राफरने मॅकवर काढलेल्या याच ‘एसएचए-२५६’ आकड्याशी जुळले नाहीत, तर फाइल वाटेत बिघडली. तिन्ही सारखे असतील तर पाठवली तीच तशी आहे. मग कितीही वेळा उतरवा, फरक पडणार नाही.

काढताना लागणाऱ्या जागेचंही बघा. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, झिपमध्ये ते जवळजवळ तेवढेच राहतात. म्हणजे झिपव्यतिरिक्त आणखी ४३ जीबीच्या वर मोकळी जागा हवी. सेव्हन-झिपच्या खिडकीतून फोटो ओढून बाहेर टाकू नका, तसं केलं की ते बऱ्याचदा आधी सी ड्राइव्हच्या टेंप फोल्डरमध्ये निघतात आणि सी भरला की काम अडतं. ‘एक्स्ट्रॅक्ट’ वापरा, आणि डी ड्राइव्हवर थेट ‘लग्न’ असा छोट्या नावाचा फोल्डर करून त्यात काढा. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असले की पत्ता २६० अक्षरांपलीकडे जातो आणि विंडोज कुरकुरतं. ‘हळद’, ‘सप्तपदी’ अशी देवनागरी नावं चौकोन किंवा अगम्य चिन्हं होऊन आली, तरी फोटो बिघडलेत असं समजू नका. नावं नंतर बदलता येतात.

पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या लॅपटॉपवर बघायचं असेल तर तो फॅट-३२ (ड्राइव्हवर फाइली मांडण्याची जुनी पद्धत) नाही ना ते तपासा. त्याच्यावर ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही, ड्राइव्ह १२८ जीबीचा असला तरी. तसा असेल तर एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या, पण फॉरमॅटने आतलं सगळं जातं हे लक्षात असू द्या.

आता फोटोग्राफरला काय सांगायचं ते. मॅकच्या ‘कॉम्प्रेस’ने एकच झिप करू नका म्हणावं. फोटो आणि व्हिडिओंचा आकार तसाही घटत नाही, तेव्हा फंक्शनवार वेगळे फोल्डर आणि प्रत्येकाची छोटी, ४ जीबीच्या आतली झिप. एखादी बिघडली तर तेवढीच पुन्हा आणायची. त्यांनी ००१, ००२ असे तुकडे पाडून पाठवले तर सगळे एकाच फोल्डरात ठेवा, फक्त ००१ उघडा, आणि नावांना हात लावू नका. तोच तुकडा दुसऱ्यांदा उतरवला की ब्राउजर नावामागे कंसात १ लावतो. तेवढ्यानेही साखळी तुटते, म्हणून तो कंस काढून नाव पूर्ववत करा. गूगल ड्राइव्हवरून फोल्डर उतरवला की अनेक झिपा होतात, त्यांचं वेगळं आहे: त्या प्रत्येकी स्वयंपूर्ण असतात, एकेक उघडून एकाच ठिकाणी काढायच्या.

पण खरं सांगू का, तुमच्या जागी मी एक्सटर्नल हार्ड डिस्क घेऊन सरळ पनवेलला गेले असते. २० एमबीपीएसच्या लाइनवर ४६ जीबीला पाच तासांच्या वर लागतात, तेही काही तुटलं नाही तर. ऐरोलीहून पनवेलला थेट लोकल आहे, आणि यूएसबी ३ च्या डिस्कवर एवढा डेटा दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. झिपच करायला नको, फोल्डरच तसेच्या तसे घ्या. डिस्क एक्सफॅट असू द्या, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हींना चालेल. तिथेच बसून दोन-चार फोटो आणि प्रत्येक व्हिडिओचा शेवट उघडून बघा, फाइलींची एकूण संख्या ताडून घ्या, आणि घरी आल्यावर लगेच दुसरी प्रत करा. बहिणीच्या लग्नाचे फोटो एकाच डिस्कवर राहू देऊ नका.

जाणं जमत नसेल तर लिंकची मुदत वाढवून मागा, आणि बाइट्सचे दोन्ही आकडे व ‘टेस्ट’मध्ये आलेला संदेश जसाच्या तसा इथे लिहा. मी संध्याकाळी बघून सांगते.