ओपीडीत काय विचारशील?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

बॅरिअ‍ॅट्रिक टीममध्ये, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या टीममध्ये, आहारतज्ज्ञ म्हणून तुझी निवड झाल्याचं कळलं. आता रोज ऐकशील, "मॅडम, माझं ऑपरेशन होईल ना?" ते सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ मिळून ठरवतात. पण पेशंटचं ताट नीट बघणारी तूच असशील, म्हणून लिहितेय.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, काढणं सोपं. उंची १६० सेंटिमीटर, वजन ९८ किलो, म्हणजे ३८. २०२२च्या आंतरराष्ट्रीय सूचनांप्रमाणे ३५ च्या पुढे मधुमेह-रक्तदाब असो-नसो, शस्त्रक्रिया सुचवता येते. आपल्याकडे कमी वजनातही चरबी आणि मधुमेह गाठतात, म्हणून आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनही विचार होतो. विम्याचं गणित मात्र वेगळं. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमात बीएमआय ४० हवा. नाहीतर ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह असा आजार. म्हणजे ही ३८ बीएमआयची बाई डॉक्टरांच्या लेखी पात्र, आणि तरी क्लेम नामंजूर होऊ शकतो. हे पहिल्याच भेटीत सांग, दागिने गहाण पडल्यावर नको.

यापुढचं कुठल्याही फॉर्मवर नसतं. विरारहून सकाळी साडेसहाची लोकल पकडणारा माणूस डबा कधी उघडतो? दहा मिनिटांत संपवतो का? ऑपरेशननंतर थोडं थोडं, सावकाश चावून खायचं आणि जेवताना पाणी प्यायचं नाही. त्याच्या दिवसात हे कुठे बसवणार, ते त्याच्याकडूनच काढून घे. तहान लागली की कोल्ड्रिंक, कंटाळा आला की आइस्क्रीम, अशी सवय असेल तर सावध राहा. पातळ गोड पदार्थ छोट्या केलेल्या पोटातूनही सहज उतरतात. उपवास विचारायला विसरू नकोस. संकष्टी, गुरुवार, पूर्ण श्रावण करणाऱ्या बाईचं प्रोटीन साबुदाण्यातून येणार नाही. बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या. हे ऐकून जो गप्प होतो, त्याला वेळ दे. लगेच मान डोलावणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

लग्न ठरवायचंय म्हणून आईनं आणलेली मुलगी येईल. आई बोलते, मुलगी मोबाइल बघते. आईला चहाला पाठव आणि मुलीशी एकटीशी बोल. ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा त्रास) असेल तर वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते. हे तिला कोणीच सांगितलेलं नसतं.

रात्री उठून भरमसाट खाणं, दारू, उपचार न घेतलेलं नैराश्य दिसलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना आधी कळव. त्यातल्या बहुतेकांना "आत्ता नको" म्हणायचं असतं, कायमचं "नाही" नव्हे. दोन्हींतला फरक समजावून सांग, नाहीतर ते दुसरीकडे जाऊन हेच सगळं लपवतील. जुनी ॲसिडिटी असेल तर सर्जनना ठळक लिहून दे, स्लीव्हनंतर (जठराचा मोठा भाग कापून काढायच्या ऑपरेशननंतर) ती वाढू शकते आणि मग बायपासचा (जठर छोटं करून अन्न थेट पुढच्या आतड्यात वळवायच्या ऑपरेशनचा) विचार करावा लागतो.

आणि "तंबाखू खाता का?" असं विचारलंस तर आपल्या बायका सरळ "नाही" म्हणतात. "मिशरी लावता का?" असं विचार.

तुझी,
मॅडम