इंजेक्शन दिल्यावर सरळ रेघ का आली, आणि शॉकची भीती किती बाळगावी?

तुमच्या आईचे ठोके अचानक १९० वर गेले, इंजेक्शन दिल्यावर मॉनिटरवर काही सेकंद सरळ रेघ आली, आणि ‘नाही थांबलं तर शॉक’, म्हणजे छातीवर विजेचा धक्का, हे ऐकून तुमचे हातपाय गळाले. मी गोव्यात कॅज्युअल्टीत नर्स आहे. ती रेघ मी किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही, तरी दरवेळी श्वास रोखला जातोच.

वर्णनावरून तो एसव्हीटीचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक ठोके धावण्याचा, झटका वाटतो, पण नक्की काय ते ईसीजीच सांगेल. एसव्हीटीत बहुधा हृदयातली वीज एकाच वर्तुळात गरगर फिरत राहते. अडिनोसिन, म्हणजे बहुधा आईला दिलेलं ते इंजेक्शन, ते वर्तुळ क्षणभर तोडतं, म्हणून रेघ सरळ होते आणि मग हृदय आपल्या मूळ लयीवर येतं. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं. म्हणूनच कोपराच्या खाचेतल्या मोठ्या शिरेत ६ मिलिग्रॅम झटकन सोडायचं, पाठोपाठ २० मिली सलाईन ढकलायचं आणि हात वर उचलायचा. नाही जमलं तर १२. त्या क्षणी चेहरा लाल होतो, छाती दडपते. डिचोलीच्या एक मावशी माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या होत्या, “बाय, मी चालले.” मिनिटभरात पाणी मागत होत्या. हे होणार असं आधी सांगितलं की माणूस निम्मा सावरतो, आणि ते सांगणं आमचं काम आहे. आईला दमा असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा.

शॉक म्हणजे शेवटचा उपाय, हा समज काढून टाका. बीपी पडलं, शुद्ध हरपू लागली, छातीत दुखू लागलं किंवा फुप्फुसात पाणी साचू लागलं, तर औषधांत वेळ घालवण्यापेक्षा शॉकच सुरक्षित. माणूस शुद्धीत असेल तर गुंगीचं औषध देतात. बटण दाबून धरावं लागतं, कारण यंत्र ठोक्याशी मेळ साधूनच वीज सोडतं. एसव्हीटीला सहसा ५० ते १०० ज्यूल पुरतात.

पुन्हा झटका आला आणि आई शुद्धीत असेल, तर अर्धवट टेकून बसवा आणि १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला सांगा. लगेच आडवं करून पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरा. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात याने ४३ टक्के रुग्णांची लय परत आली, नुसत्या फुंकण्याने १७ टक्के. आधी डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. ठोके उतरवायला डॉक्टर कधी मान चोळतात, ते मात्र घरी करू नका, वयस्करांत गुठळी सुटून पक्षाघात होऊ शकतो.

चक्कर, घाम, धाप किंवा छातीत दुखणं असेल तर सिरिंज शोधत बसू नका, १०८ लावा. स्वतःच्या गाडीत घालून बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठायचा मोह होतो, पण वाटेत ठोके बिघडले तर डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक द्यायचं यंत्र, रुग्णवाहिकेतच असतो. कोसळली आणि श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, निदान ५ सेंमी खोल.

झटके वारंवार येत असतील तर ॲब्लेशनबद्दल, म्हणजे शिरेतून बारीक नळी घालून ते विजेचं वर्तुळ कायमचं तोडण्याबद्दल, हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. नेहमीच्या प्रकारच्या एसव्हीटीत दहांतले नऊहून अधिक जण त्याने बरे होतात. त्यासाठी झटका चालू असतानाचा ईसीजी सोन्यासारखा. तो कागद मागून घ्या आणि आजच मोबाईलवर फोटो काढा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने तो कागद काळा पडतो.