मोटरसायकलच्या ग्रुप राइडमध्ये खुणा कोणत्या हाताने आणि कशा करायच्या?

डाव्या. उजवा हात ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवरच हवा. तो सुटला की गाडीचा वेग पडतो आणि मागचा गडबडतो.

एक बोट वर म्हणजे एका रांगेत या, दोन बोटं म्हणजे दोन रांगांत, पण शेजारी-शेजारी नाही, एकमेकांच्या तिरकं मागे. तळवा खाली धरून हात वरखाली: वेग कमी करा. टाकीकडे बोट: पेट्रोल संपत आलंय. मूठ उघड-मीट: इंडिकेटर चालू राहिलाय.

सर्वांत महत्त्वाची खूण खड्ड्याची. डावीकडे असेल तर डाव्या हाताने दाखवा, उजवीकडे असेल तर उजवा पाय बाहेर काढा, पण क्षणभरच, कारण मागचा ब्रेक त्याच पायाखाली असतो. प्रत्येकाने खूण मागे पोचवायची, नाहीतर शेवटच्याला ती दिसतच नाही.

घाटात वळणावर हात सोडू नका, क्लच लागतो. खूण आधीच्या सरळ पट्ट्यात करा. वळताना इंडिकेटर द्यायचाच.