मातृसत्ताक, मातृवंशीय आणि मधला मामा

प्रश्न : मेघालयच्या सहलीवर लेख लिहिताना 'खासी समाज मातृसत्ताक आहे' असं वाक्य लिहिलं. भावाने वाचून ते खोडलं आणि वर 'मातृवंशीय' लिहिलं. खरंच फरक आहे, की उगाच शब्दांचा कीस? 'मातृसत्तात्मक' असंही वाचनात येतं. आणि जिथे मुलगी सासरी जातच नाही, तिथे माहेराला काय म्हणत असतील?

उत्तर : भावाला एक चहा पाजा. त्याने खोडलं ते योग्यच.

'-सत्ताक' हे शेपूट आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. प्रजासत्ताक म्हणजे जिथे सत्ता प्रजेच्या हाती. त्याच हिशेबाने मातृसत्ताक म्हणजे जिथे सत्ता आयांच्या हाती. आता हे माप खासी समाजाला लावून बघा. मूल आईच्या कुळाचं, म्हणजे 'कुर'चं, आणि नाव आईच्या कुळाचं लावतं. 'लोंग जैद ना का किन्थेई' अशी त्यांच्यात म्हणच आहे : बाईपासून कूळ झालं. वडिलोपार्जित घर जातं धाकट्या लेकीकडे. तिला 'का खद्दूह' म्हणतात. आईवडिलांचं म्हातारपण, घरातले कुळाचार, लग्न मोडून किंवा नोकरी गमावून परतलेला भाऊ, हे सगळं तिच्या पदरात.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की हीच घरची सत्ताधीश. पण ते घर ती मनाला येईल तसं विकू शकत नाही. त्यासाठी घरच्यांची, विशेषतः मामाची संमती लागते. मामाला 'उ क्न्यी' म्हणतात आणि जुन्या रीतीप्रमाणे घरातल्या मोठ्या निर्णयांत शब्द त्याचा. खद्दूह मालकीण कमी, राखणदार जास्त. घराबाहेर पडलात तर चित्र आणखी स्पष्ट होतं. गावाचा कारभार 'दरबार श्नोंग' बघतो (हो, आपलाच दरबार तिकडे पोचलाय). त्यात परंपरेने बायकांना जागा नाही. गावच्या मुख्याचं पदनाम 'रंगबाह श्नोंग', आणि रंगबाह म्हणजेच प्रौढ पुरुष. शब्दानेच दार लावून घेतलं आहे. राज्याच्या पातळीवर बघायचं तर मेघालय 21 जानेवारी 1972 ला स्वतंत्र राज्य झालं, आजवर एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही, आणि 2023 च्या निवडणुकीत विधानसभेच्या 60 जागांपैकी 3 जागांवर स्त्रिया निवडून आल्या. याला मातृसत्ता म्हणायचं तर पुरुषसत्तेला शब्द उरणार नाही.

अर्थात तिथल्या पुरुषांना सगळं गोड वाटतं असंही नाही. शिलाँगमध्ये 1990 साली 'सिन्खोंग रिम्पेई थिम्माई' नावाची पुरुषांची संघटना निघाली. मुलांना बापाच्या कुळाचं नाव मिळावं, ही तिची मागणी. म्हणजे गावाचा दरबार हाती, पण पोरांना नाव आपलं नाही. सत्ता आणि वंश या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्या मागणीतूनच कळतं.

तिसरी गोष्ट राहण्याची. लग्नानंतर कुणी कुणाच्या घरी जायचं? वंश कुणाचा, वास कुठे, सत्ता कुणाची, या तीन प्रश्नांची तीन उत्तरं असू शकतात, म्हणून शब्दही तीन हवेत : मातृवंशीय, मातृस्थानीय, मातृसत्ताक. आपल्याकडे तिन्हींचं उत्तर एकच, बाप. त्यामुळे 'पितृसत्ताक' या एका शब्दात सगळं मावतं. मग आपण त्याच शब्दात बापाच्या जागी आई घातली आणि आरशातल्यासारखा जोडशब्द तयार केला. कोशात तो शोभतो. त्या आरशापुढे उभा राहणारा समाज मात्र सापडत नाही.

केरळात जा, तिथेही मामाच भेटतो. नायर समाजाच्या पद्धतीचं नाव 'मरुमक्कत्तायम'. मराठीत सरळ सांगायचं तर भाचरांचा वारसा. मिळकत आईच्या बाजूने चालणाऱ्या 'तरवाड' या मोठ्या घराची, आणि कारभार 'कारणवर'चा, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचा. वारस आपला मुलगा नव्हे, बहिणीचा. त्रावणकोरच्या गादीवरही राजाचा मुलगा नव्हे, भाचा बसत असे. ही एकत्र कुटुंबपद्धती केरळने 1975 च्या कायद्याने बंद केली, तो 1 डिसेंबर 1976 पासून लागू झाला. कर्नाटक किनाऱ्यावरच्या तुळु मुलखात याच रीतीला 'अळियसंतान' म्हणतात. अळिय हा शब्द फार बोलका आहे : त्याचा अर्थ बहिणीचा मुलगा, आणि जावईसुद्धा. मलयाळममधल्या 'मरुमकन'चंही तसंच. हे ऐकून परकं वाटत असेल तर आपल्या आजीची भाषा आठवा. ती सासऱ्याला मामंजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई. मामाच्या मुलीशी लग्न, म्हणजे भाचाच जावई. ही सोयरीक आपल्याही घरात होती, म्हणूनच ती संबोधनं उरली. वंश मात्र आपण बापाचाच धरला.

मेघालयातल्याच गारो लोकांत वारस ठरलेल्या मुलीला नोकना म्हणतात आणि तिच्या घरी येणाऱ्या नवऱ्याला नोक्रोम. हा शक्यतो तिच्या वडिलांच्याच कुळातला, बहुतेकदा त्यांचा भाचा. म्हणजे घरजावईच की. पण 'घरजावई' या मराठी शब्दाला चिकटलेला टोमणा नोक्रोमला लावून चालणार नाही, कारण तिथे तो नियम आहे आणि आपल्याकडे अपवाद. याउलट इंडोनेशियात पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाउ समाजात, जो मुसलमान आहे आणि घर, भातखाचरं आईकडून लेकीकडे देतो, बायकोच्या घरी आलेल्या नवऱ्याला 'झाडाच्या बुंध्यावरची राख' म्हणतात. वारा आला की उडाली. त्यांच्यातही भाचरांचा पालक आईचा भाऊच असतो, आणि त्याचं नाव ऐकून मराठी माणूस चमकेल : मामक.

तर गंमतीने सांगायचं, या सगळ्यांना 'मामासत्ताक' म्हणा, ते जास्त खरं ठरेल. (लेखात लिहू नका.)

हा घोळ मराठीत आला कसा? 1861 मध्ये बाखोफेन या स्विस कायदेपंडिताने मांडलं की बापाच्या राज्याआधी जगात आईचं राज्य होतं. ती कल्पना गाजली, पुढे मार्क्सचा सहकारी एंगेल्स याच्यापर्यंत पोचली, आणि जिथे जिथे आईचं नाव दिसेल तिथे त्या राज्याचे अवशेष शोधायची सवय लागली. आपल्याकडे तिची शिकार झाले सातवाहन. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी अशी नावं बघून 'महाराष्ट्रात मातृसत्ता होती' असं अजूनही छापून येतं. पण पुळुमावी हा गौतमीपुत्राचाच मुलगा. गादी बापाकडून मुलाकडे गेली, भाच्याकडे नाही. शिवाय गौतमी, वासिष्ठी ही गोत्रांवरून पडलेली नावं, आणि आईचं गोत्र म्हणजे शेवटी तिच्या बापाचं. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातला. त्यात ही आजी लेकाचा पराक्रम तोंडभरून सांगते. तिचा मान मोठा होता, यात शंका नाही. मान आणि सत्ता यांची गल्लत मात्र आपण 'स्त्रीप्रधान' हा शब्द वापरतानाही करतो, म्हणून तोही खासींसाठी नको. तो सिनेमांना राहू द्या.

व्याकरणातून पुरावा काढायचा मोह होतो, तोही आवरावा. खासीत नामाआधी पुल्लिंगी 'उ' किंवा स्त्रीलिंगी 'का' लागतो. सूर्य 'का स्ङी', म्हणजे ती. चंद्र 'उ ब्नाई', म्हणजे तो. केवढी मातृशक्ती, असं कुणी म्हणेल. पण जर्मनमध्येही सूर्य ती आणि चंद्र तो आहे, आणि जर्मन मुलं पिढ्यानपिढ्या बापाचंच आडनाव लावत आली.

'मातृसत्तात्मक' हे हिंदीच्या वाटेने येतं. चूक म्हणता येणार नाही, पण मराठीत '-सत्ताक' रुळलेलं असताना गरज काय?

राहिलं माहेर. हा शब्द आला 'मातृगृह'वरून. बापाचं घर, बापाचं नाव, सातबाऱ्यावर बाप, आणि लेक म्हणते आईचं घर! राजस्थानी आणि हिंदीतलं 'पीहर' मात्र सरळ बापाच्या घरावरून आलं. खासी खद्दूह जन्मली त्याच घरात म्हातारी होते. तिला माहेर हा वेगळा शब्द लागावा असं काही घडतच नाही. आपल्या आईच्या घरापासून तुटतो तो जावई, आणि तोही सगळीकडे नाही. जयंतिया टेकड्यांत जुनी रीत अशी की नवरा अंधार पडल्यावर बायकोच्या घरी यायचा आणि एरवी राहायचा आपल्या आईकडेच.

तुमचं वाक्य असं करा : 'खासी समाज मातृवंशीय आहे, मूल आईच्या कुळाचं, घर धाकट्या लेकीचं, कारभारात मामाचा शब्द मोठा.' जागा कमी असेल तर पहिले चार शब्द पुरतील.