गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एकशिक्षकी मराठी प्राथमिक शाळेत गणितासाठी पातळीनुसार शिकवणारे अ‍ॅप उपयोगी पडेल का?
होय, पडेल, मात्र ते इयत्तेपासून नव्हे, तर मुलाला प्रत्यक्षात जे येते तेथून सुरुवात करणारे हवे. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ लिहीत असेल, तर अ‍ॅपने ती चूक ओळखून त्याला दशक सुटा करण्याच्या उदाहरणांकडे मागे न्यावे. नुसती फुली दाखवून पुढे जाणारे अ‍ॅप म्हणजे रंगीत गाईडच. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना, दोघांत एक संगणक याप्रमाणे, आठवड्याला दोन तास असे गणिती खेळ दिल्यावर ठळक प्रगती झाल्याचे अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो व सहकाऱ्यांच्या २००७ च्या शोधनिबंधात नोंदले आहे. परंतु कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभरात तिचा बराचसा भाग ओसरला. त्यामुळे ऑफलाइन चालणारे, मराठीत सूचना देणारे अ‍ॅप निवडावे आणि वेळापत्रकात त्याला कायमची तासिका द्यावी.